पणजोबांचे पणजोबा कोण होते? जुन्नर-आंबेगावातल्या घराण्याचा माग असा काढतात

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये अनेक कुटुंबं चारशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच पूर्वजापर्यंतची वंशावळ मांडू शकतात. आपल्याकडे पणजोबांच्या पुढचं नाव विचारलं, की बहुतेक घरं अडखळतात. मग इथे नोंदीच नव्हत्या का? होत्या. फक्त त्या वेगळ्या कारणासाठी ठेवल्या गेल्या.

फ्रेंच पूर्वज का सापडतो?

लुई एबेर हा पॅरिसचा औषधविक्रेता. १६१७ मध्ये तो पत्नी मारी रोले आणि तीन मुलांसह क्यूबेकला आला आणि शेती करू लागला. १६२७ मध्ये तो वारला. अशा सुरुवातीच्या वसाहतकारांच्या वंशजांना चर्चच्या वह्यांचा आधार मिळतो. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद चर्च ठेवायचं. त्यात बायकांची नावं माहेरच्या आडनावाने असायची. १६४० च्या आगीत क्यूबेकच्या सुरुवातीच्या वह्या जळाल्या, तेव्हा लोकांच्या आठवणीवरून त्या पुन्हा लिहिल्या गेल्या.

आपल्याकडे नोंद कशाची व्हायची?

आपल्याकडे नोंद व्हायची मुख्यतः जमिनीची, साऱ्याची आणि वतनाची. त्यामुळे पूर्वज शोधायचा तर आधी त्याचं शेत शोधावं लागतं.

शोध कुठून सुरू करायचा?

१. घरातून. सगळ्यात वयस्कर माणसाला नावं, मूळ गाव, कुलदैवत आणि भावकी विचारा. शक्य असेल तर रेकॉर्ड करून ठेवा.

२. सातबारा आणि फेरफार. सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक धरून एकेक पिढी मागे जाता येतं. वारस नोंदीच्या फेरफारात बायको आणि मुलींची नावंही सापडू शकतात. एरवी जुन्या कागदांत बायका क्वचितच दिसतात.

३. शाळेचं जुनं रजिस्टर आणि गावची जन्म-मृत्यू नोंद. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यांच्यासाठी हा मोठा आधार.

४. तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या पुरोहितांकडे गाव आणि आडनावानुसार यात्रेकरूंच्या नोंदी असतात.

५. पुणे पुराभिलेखागार. पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल इथे आहेत. बहुतेक कागद मोडीत असल्याने मोडी वाचणारा जाणकार सोबत हवा.

लोक कुठे चुकतात?

पहिली चूक तालुक्याची. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये जुन्नर तालुका आहे, पण आंबेगाव स्वतंत्र तालुका म्हणून नाही. घोडेगावचा भाग तेव्हा खेडमध्ये होता. त्यामुळे आंबेगावातल्या गावाचा जुना कागद खेडच्या नावाखालीही शोधावा.

दुसरी चूक गावाची. जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि कुटुंबं इतरत्र वसली. अशा घरांनी आजच्या पत्त्याऐवजी मूळ गावाच्या नावाने शोध घ्यावा.

तिसरी चूक नावाची. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्याने तीच नावं पुन्हा पुन्हा येतात. शिवाय अनेक जुन्या कागदांत आडनाव नसतं. ‘गेनू बिन विठू’ म्हणजे विठूचा मुलगा गेनू. नुसतं नाव जुळलं म्हणून तो आपलाच पूर्वज ठरत नाही. बापाचं नाव, गाव आणि शेत हेही जुळायला हवं.

याचा आज उपयोग काय?

उत्सुकता तर आहेच, पण जातीचा दाखला आणि पडताळणीही अशाच कागदांवर ठरते. कुणबी किंवा इतर ओबीसी दाव्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर महादेव कोळी, ठाकर अशा अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा असतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींसाठी मोडी कागद राज्यभर तपासले गेले. मात्र नोंद सापडली म्हणजे काम झालं असं नाही. त्या माणसापासून आपल्यापर्यंतची प्रत्येक पिढी कागदाने जोडावी लागते.

मधली एखादी पिढी जुळत नसेल, तर तिची आठवण असलेलं माणूस कदाचित अजून घरात असेल. कागद उद्याही मिळू शकेल. आजीला मात्र आजच विचारा.