खरखरीचा हिशेब

गाणे थांबल्यावर ॲम्प्लिफायरचा आवाज पूर्ण वाढवला, तर बारीक खरखर ऐकू येते. तिचे खापर आपण यंत्रावर फोडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंतेही तेच करीत. निर्वात नळ्यांमुळे दुबळे संदेश वाढवता येऊ लागले, पण त्यांच्याबरोबर खरखरही वाढे.

1918 साली जर्मनीत वाल्टर शॉट्की यांनी दाखवले की, ही खरखर म्हणजे केवळ कारागिरीतील उणीव नव्हे. वीजप्रवाह पाण्याच्या धारेसारखा अखंड नसतो. पत्र्यावर पडणाऱ्या थेंबांसारखे इलेक्ट्रॉन सुटे सुटे येतात. नळी कितीही निर्दोष असली, तरी हा तडतडाट उरणारच.

पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी नळीला जोडलेले रोधक बदलून मोजमापे घेतली. कार्बन असो, तांबे असो वा क्षाराचे द्रावण, पदार्थाने फरक पडत नव्हता. रोध वाढला की खरखर वाढे. रोधक तापवला तरी वाढे. पदार्थातील विद्युतभारांची उष्णतेमुळे होणारी चुळबुळच ऐकू येत होती. हॅरी नायक्विस्ट यांनी त्यामागचे सूत्र मांडले. मूळचे स्वीडनचे असलेल्या या दोघांचे निबंध 1928 साली ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये एकापाठोपाठ एक छापून आले. या सूत्रानुसार खोलीच्या तापमानाला दहा लाख ओहमच्या रोधकात, 10,000 हर्ट्झच्या पट्ट्यात, सुमारे 13 मायक्रोव्होल्ट खरखर असते. ती शून्य करायची, तर तापमानच निरपेक्ष शून्यावर न्यावे लागेल.

अशा रीतीने खरखर तापमानाच्या भाषेत, केल्विनमध्ये, लिहिता येऊ लागली. त्याच भाषेत 1964 साली न्यू जर्सीतील होल्मडेल येथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांनी आपल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनाचा हिशेब मांडला. द्रवरूप हीलियमने थंड केलेल्या प्रमाणस्रोताशी ताडून पाहता आकाशाकडे वळवलेल्या अँटेनाची एकूण खरखर 6.7 केल्विन भरली. त्यांपैकी 2.3 वातावरणाची आणि 0.9 मुख्यतः अँटेनाच्या स्वतःच्या रोधाची. 3.5 केल्विनचा खर्च मात्र कोणाच्याच नावावर पडेना. त्यांनी अँटेनात घरटे केलेली कबुतरे हाकलली, विष्ठा साफ केली, सांधे तपासले. तरी शिल्लक हटेना.

ती शिल्लक म्हणजे विश्वाच्या बाल्यावस्थेतील उष्णतेचा अवशेष. या शोधाला 1978 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण अँटेनाच्या धातूची खरखर किती, हे आधी ठाऊक नसते, तर ते साडेतीन केल्विन यंत्राच्याच माथी मारले गेले असते.