हातमाग दिनाचा पडदा : एका संध्याकाळचा घटनाक्रम

७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन. १९०५ साली याच तारखेला कोलकात्याच्या टाऊन हॉलमधून स्वदेशीची हाक दिली गेली, म्हणून २०१५ पासून तो देशभर पाळतात. सोलापूरच्या भवानी पेठेत तर तो पाळायलाच हवा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा हा पूर्वभाग घडवला. आधी हातमाग, मग यंत्रमाग, चादरी आणि टॉवेल. हातमागावर बसणारे आता थोडेच उरले. त्यातले काही अजून वॉल हँगिंग विणतात, धाग्यांतून माणसाचा चेहरा उभा करतात.

अशाच एका विणकरावर पेठेतल्या एका तरुणाने बावीस मिनिटांचा माहितीपट केला. विणकरांनी ऐंशी ओलांडली आहे आणि सगळी गल्ली त्यांना ताता म्हणते. पेठेतल्या एका सभागृहात संध्याकाळी साडेसहाला तो दाखवायचा होता. पुण्याहून पाहुणे येणार होते, त्यांच्या मदतीने हातमागाचा प्रशिक्षण वर्ग सुरू होईल अशी आशा होती. माहितीपट दाखवता आला नाही. त्या दिवशी ज्यांच्या ज्यांच्या हातातून पेनड्राइव्ह, वायर किंवा लॅपटॉप गेला, त्या सगळ्यांशी नंतर बोलून मी हा क्रम जुळवला. कामचुकारपणा कुणीच केला नव्हता. म्हणूनच तो नीट लिहून ठेवावासा वाटला.

६ ऑगस्ट, रात्री ११:१०

संकलन संपलं. फोर-के दर्जाची फाइल पाच जीबीच्या वर गेली होती. ताता तेलुगूत बोलतात, त्यामुळे खाली मराठी ओळी हव्याच होत्या. तरुण आणि त्याचा मित्र कित्येक रात्री त्या ओळींवर बसले होते. मागाचा शब्द चुकला तर तातांच्या सुनेला, म्हणजे अक्कांना, फोन करून विचारत होते. या ओळी एका वेगळ्या, इवल्याशा फाइलमध्ये होत्या. व्हिडिओ आणि ओळींची फाइल एकाच फोल्डरमध्ये, एकाच नावाची असली की प्लेयर दोन्ही आपोआप जोडून दाखवतो. तरुणाच्या लॅपटॉपवर म्हणून सगळं एकजीव दिसलं. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा पाहिलं आणि झोपला.

७ ऑगस्ट, सकाळी ९:३०

फाइल पेनड्राइव्हवर घ्यायला गेला, तर ती फार मोठी आहे असा निरोप आला. पेनड्राइव्ह सोळा जीबीचा, जवळजवळ रिकामा. अडचण जागेची नव्हतीच. बरेच पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण त्यावर हा कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीच्या वर्गणीचे हिशेब होते, आणि पुसायला मन धजलं नाही. त्याने फाइलच लहान करायला घेतली. माझ्या मते त्या दिवशीचं पहिलं वळण हेच. इथून पुढे सभागृहाकडे निघाला तो रात्री पाहिलेला माहितीपट नव्हता, त्याची कुणीच न पाहिलेली दुसरी प्रत होती.

सकाळी ११:१५

नवी प्रत तयार. तीही फोर-केच, पण एच.२६५ पद्धतीने दाबलेली. २०१३ साली प्रमाण ठरलेली ही पद्धत जवळपास तोच दर्जा निम्म्या जागेत बसवते, आणि त्याची किंमत लॅपटॉपला मोजावी लागते. चित्र पुन्हा उलगडायला प्रोसेसरमध्ये तशी सोय लागते आणि प्लेयरलाही ती पद्धत ठाऊक असावी लागते. तरुणाच्या नव्या लॅपटॉपला दोन्ही होतं. एक मिनिट चालवून पाहिलं, छान चाललं. मराठी ओळींची फाइल जुन्या फोल्डरमध्येच राहिली. ते एक मिनिट सुरुवातीच्या दृश्याचं होतं आणि त्यात कुणी बोलत नाही.

दुपारी १

हातमागाच्या इतिहासावर बोलणाऱ्या निवृत्त गुरुजींनी आपलं सादरीकरण समितीच्या लॅपटॉपवर पाठवलं. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून मांडणी, स्वतः जमवलेले फोटो. मजकूर वीस वर्षांपूर्वीपासून ते वापरत आलेल्या मराठी फॉन्टमध्ये.

दुपारी ३:४०

साउंडवाल्या पोराने छताला टांगलेला प्रोजेक्टर लावून पाहिला. भिंतीवर निळा चौकोन आला. माइकवर ‘हॅलो, चेक, चेक’ झालं. त्याने अध्यक्षांना फोन केला, “अण्णा, सगळं ओके हाय.”

त्याच्या परीने ते खरंच होतं. दिवा लागत होता, माइक वाजत होता. पण लॅपटॉप अजून सभागृहात आलेला नव्हता. पेनड्राइव्ह तरुणाच्या खिशात, सादरीकरण समितीच्या लॅपटॉपमध्ये, आणि तो लॅपटॉप खजिनदारांच्या घरी. फाइल, लॅपटॉप, वायर, प्रोजेक्टर, स्पीकर आणि शेवटच्या रांगेत बसून पाहणारा एक माणूस, एवढं सगळं एका वेळी एका ठिकाणी आलं नाही तोवर तपासणी झाली असं म्हणता येत नाही. ताता विणायला बसण्याआधी ताण्यातल्या प्रत्येक धाग्यावरून हात फिरवतात. एखादा सैल राहिला तर तो पुढे कापडात दिसणारच. तसा हात त्या दुपारी कुणी फिरवला नाही, कारण प्रत्येकाच्या हातात एकेकच धागा होता.

संध्याकाळी ५:१०

लॅपटॉप आला आणि भिंतीतून आलेली वायर त्याला बसेना. ती व्हीजीए, पंधरा पिनांची. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली ही जोडणी आजही असंख्य सभागृहांच्या भिंतींत गाडलेली आहे, कारण प्लास्टर फोडून नवी वायर घालायला कुणी तयार नसतं. आजच्या लॅपटॉपला असते एचडीएमआय, नाहीतर नुसती टाइप-सी. आणि प्रत्येक टाइप-सी मधून चित्र बाहेर पडतंच असंही नाही. या लॅपटॉपला एचडीएमआय होती, हे त्यातल्या त्यात बरं. एका कार्यकर्त्याला कन्व्हर्टर आणायला नव्या पेठेत पिटाळलं. बाहेर पाऊस सुरू झाला होता.

५:५०

ताता आले. पांढरा सदरा, खांद्यावर घडी केलेला टॉवेल. अक्का आणि नातवाने धरून पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर स्वतःला पाहण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती. मी शेजारी बसलो होतो. त्यांनी एकच विचारलं, “धोट्याचा आवाज पण येतंय काय त्यात?” येतो म्हणालो. ते समाधानाने हसले.

६:२५

कन्व्हर्टर आला, जोडला, आणि भिंतीवर लॅपटॉपचा डेस्कटॉप उमटला. सभागृहात सुटकेचा सुस्कारा ऐकू आला. घड्याळात पाच मिनिटं होती. त्यांत माहितीपटाचं अर्धं मिनिट चालवून बघता आलं असतं. पण पाहुणे दारात होते, दीपप्रज्वलन होतं, आणि भिंतीवर काहीतरी दिसत असलं की सगळं दिसेल असं वाटू लागतं.

६:३४

गुरुजींचं पहिलं पान उघडलं. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, अपूर्णांकांची चिन्हं, डोक्यावर टोप्या आणि टिंबं असलेले परदेशी स्वर. जुन्या मराठी फॉन्टमध्ये ‘क’ हा मुळात ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर त्याचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट नसला की चित्र जातं आणि खालचं अक्षर उघडं पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, तिथे हे होत नाही. सादरीकरणाची पीडीएफ केली असती तरी फॉन्ट आतच बांधून आला असता. मराठीत लिहिणाऱ्यांची वर्षानुवर्षांची मेहनत अशी रोज कुठे ना कुठे वाचण्यापलीकडे जाते आहे. शाळांच्या कपाटांतले, संस्थांच्या संगणकांतले इतिहास, अहवाल, स्मरणिका वेळीच युनिकोडमध्ये आणायला हव्यात, हे मला इथे कळकळीने सांगावंसं वाटतं.

गुरुजी थांबले नाहीत. फोटो दाखवत तोंडी बोलत राहिले, आणि चांगले बोलले.

पडद्यासमोरची फजिती मोठमोठ्यांची झाली आहे. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर असताना विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक सुरू होतं. सहकाऱ्याने संगणकाला स्कॅनर जोडला आणि मोठ्या पडद्यावर निळा एरर झळकला. सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या, आणि दोनच महिन्यांनी विंडोज ९८ बाजारात आलं. तिथे संध्याकाळ पुन्हा मिळण्यासारखी होती.

६:४१

तरुणाने पेनड्राइव्ह लावून फाइल उघडली. भिंत काळी, आवाज नाही. प्रेक्षकांना वाटलं, सुरुवातच अशी असेल. अर्धं मिनिट सगळे शांत बसले.

दोन बिघाड एकाच वेळी झाले होते. एचडीएमआयमधून चित्राबरोबर आवाजही जातो, म्हणून ती वायर लावताच लॅपटॉपने आवाज तिकडे वळवला. पण पुढे होती व्हीजीए, आणि तिच्यातून आवाज जातच नाही. कन्व्हर्टरच्या कडेला आवाज बाहेर काढायचं बारीक भोक होतं, घाईत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. चित्राचं कारण निराळं : समितीच्या लॅपटॉपमधल्या प्लेयरला एच.२६५ उलगडता येत नव्हतं.

साउंडवाल्या पोराने आवाज पुन्हा लॅपटॉपच्या स्पीकरवर घेतला आणि माइक त्याला टेकवला. या प्रसंगावधानाचं मला कौतुक वाटतं. अंधाऱ्या भिंतीसमोर तातांचा आवाज घुमला, मागून धोट्याची खटखट. ताता मान डोलावत ऐकू लागले. पेठेतल्या मंडळींना तेलुगू कळत होतं. पाहुणे एकमेकांकडे पाहत होते.

६:४४

कुणीतरी ओरडलं, “व्हीएलसी टाक की!” सल्ला अगदी बरोबर होता, तो प्लेयर एच.२६५ स्वतःच उलगडतो. पण सभागृहात वायफाय नाही, आणि आतल्या भागात मोबाइलला रेंज नाही. एक मुलगा हॉटस्पॉट चालू केलेला फोन खिडकीबाहेर, पावसात, धरून उभा राहिला.

६:४९

चित्र आलं. मागावर वाकलेले ताता, ताण्यामागे लावलेलं चेहऱ्याचं रेखाटन, एकेक रंगाची कांडी. टाळ्या पडल्या. पण लॅपटॉप जुना, त्यात एच.२६५ साठी वेगळी सोय नाही. फोर-केचा सगळा भार प्रोसेसरवर. चित्र दोन सेकंद चाले, चार सेकंद थिजे. आवाज पुढे, ओठ मागे. खाली मराठी ओळी नव्हत्या. तरुणाच्या ते तेव्हाच ध्यानात आलं. त्याचा चेहरा मी पाहिला, तो इथे लिहीत नाही.

६:५२

वीज गेली. जेमतेम मिनिटभर, जनरेटर लागलीच सुरू झाला. पंखे फिरले, ट्यूबलाइट लागल्या, लॅपटॉप तर बॅटरीवर चालूच होता. प्रोजेक्टर तेवढा लागेना. त्याच्यात पाऱ्याच्या वाफेचा, प्रचंड दाबाखालचा दिवा असतो. तो तापलेला असताना लगेच पेटत नाही, निवेपर्यंत थांबावंच लागतं. आणि वीज अचानक गेल्याने त्याला गार करणारा आतला पंखाही थांबलेला. बटण दाबत राहून काही होत नाही. पण समोर दीडशे माणसं बसलेली असताना बटणाजवळ उभ्या असलेल्याला ते कोण समजावणार? छोटा यूपीएस प्रोजेक्टरला नसतो, कारण तो संगणकालाच लागतो असं आपण धरून चालतो.

७:०६

प्रोजेक्टर लागला. ‘सिग्नल नाही.’ प्रोजेक्टर बंद होता त्या वेळात लॅपटॉपने तो पडदा यादीतून काढून टाकला होता. कुणीतरी विंडोज-पी दाबलं, ‘एक्स्टेंड’ निवडलं गेलं. भिंतीवर नुसतं निसर्गचित्र, माहितीपट लॅपटॉपच्याच पडद्यावर. ‘डुप्लिकेट’ निवडायला हवं होतं. सहा जण सहा सूचना देत होते.

७:२०

अध्यक्षांनी सत्कार उरकून घ्यायचं ठरवलं. शाल, श्रीफळ. पाहुण्यांना रात्रीची गाडी होती. ते तातांच्या पाया पडले आणि निघाले. प्रशिक्षण वर्गाचा विषय निघालाच नाही.

७:३५

तातांच्या औषधाची वेळ झाली, पाऊस वाढला, रिक्षा दारात आली. तरुण त्यांच्यासमोर हात जोडून उभा होता. ताता त्याला तेलुगूत म्हणाले, आवाज तरी ऐकला, बास.

८:१०

तरुणाने घरून स्वतःचा लॅपटॉप आणला. शेजारच्या क्लासमधला टीव्ही खुर्चीवर ठेवला, मध्ये दीड मीटरची साधी एचडीएमआय वायर. रात्रीची मूळ फाइल लावली. चित्र, आवाज, मराठी ओळी, पहिल्या फटक्यात सगळं आलं. खुर्च्या रचणारी पोरं आणि आम्ही मागे राहिलेले थोडे जण उभ्यानेच पाहत राहिलो. फार चांगला माहितीपट आहे तो.

अध्यक्ष म्हणाले, पेनड्राइव्ह तातांच्या घरी देऊ, घरचा टीव्ही आहेच. अक्कांच्या मुलाने सांगितलं की टीव्ही जुना, डब्याचा आहे; मागे पिवळी-लाल-पांढरी भोकं आहेत, पेनड्राइव्ह लागत नाही. तरुणाने नंबर टाकायला मोबाइल काढून त्याच्याकडे दिला. “घरी गेल्यावर मागच्या बाजूचा फोटो काढून पाठव,” तो म्हणाला, “वायर आणून आधी मी लावून बघतो, मग तातांना बसवू.”