शिरोडकरांची पट्टी

आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे संत्र्याच्या बागेत नि कपाशीत राबणारी बाई एका दुखण्याविषयी बोललीच तर दबक्या आवाजात बोलते: “अंग बाहेर येते.” गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध बाळंतपणांनी व ओझ्यांनी सैल पडले, म्हणजे ते खाली सरकते. काहींना हे ऐन तारुण्यात होते, आणि त्यांना पुढे मूलही हवे असते.

मँचेस्टरच्या आर्चिबाल्ड डोनाल्डने १८८८ साली सुरू केलेल्या शस्त्रक्रियेत गर्भाशयाच्या मुखाचा भाग कापला जाई. त्यामुळे पुढचे गर्भारपण अवघड होई. गोव्यातील शिरोड्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांनी निराळी वाट काढली. काही कापायचे नाही. पोट उघडून गर्भाशयाचे मुख एका पट्टीने मागे, कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीला टांगायचे. झोपाळा कडीला टांगावा, तसे! पट्टी आरंभी रुग्णाच्याच मांडीतील चिवट आवरणाची असे. पुढे पॉलिएस्टरची विणलेली फीत आली. मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांनी गर्भाशय पुढे, पोटाच्या भिंतीला बांधले. गर्भपात टाळणाऱ्या टाक्यामुळे शिरोडकरांचे नाव जगभर झाले. ही पट्टी मात्र डॉक्टरांपुरतीच राहिली. मला तीच अधिक मोलाची वाटते.

या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य कारखानदारांनी प्लास्टिकच्या धाग्याची तयार जाळी बाजारात आणली. ती पोट न उघडता योनिमार्गातून बसवीत. काम सोपे झाले, पण कित्येक स्त्रियांच्या शरीरात जाळी मांस कापून बाहेर डोकावू लागली. रक्तस्राव आणि वेदना मागे लागल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ व २०११ साली इशारे दिले आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये या कामासाठी तिची विक्री थांबविली. पोटातून बांधावयाच्या पट्टीला हा हुकूम लागू नव्हता. दोहोंना एकाच मापाने मोजू नये. ब्रिटनमधील चौकशी समितीने २०२० साली नोंदविले की, या स्त्रियांच्या तक्रारी वर्षानुवर्षे कोणी मनावर घेतल्या नव्हत्या.

तिकडच्या स्त्रिया निदान तक्रार तरी करीत होत्या. विदर्भातील गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रिया तपासल्या. निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्यांपैकी पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के.