दोन आण्यांचा कर

भ्रमराने फुलातून मध घ्यावा तसा राजाने कर घ्यावा, ही भारतीय राजनीतीतील जुनी शिकवण. मध मिळावा, पण फूल सुकू नये, हे तिचे मर्म. पेट्रोलवरील कराचा इतिहास याच कसोटीवर पाहण्याजोगा आहे.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानात मोटारी वाढू लागल्या. बैलगाड्यांसाठी बांधलेले खडीचे रस्ते त्यांच्या वेगवान रबरी चाकांखाली उखडू लागले. हा खर्च स्थानिक संस्थांना व प्रांतांना पेलवेना. तेव्हा १९२७ साली सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. १९२८ च्या अहवालात समितीने सरळ मार्ग दाखविला : जो रस्ता वापरतो, त्याने त्याचा भार उचलावा. त्यानुसार गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. जितका प्रवास, तितके इंधन. जितके इंधन, तितका कर. नाक्यानाक्यावर वसुलीचा शिपाई ठेवण्याचे कारण उरले नाही.

परंतु कर केवळ तिजोरी भरीत नाही. तो माणसाची निवडही वळवितो. स्वतंत्र भारतात शेतीचे पंप, बसगाड्या व मालमोटारी यांच्यासाठी डिझेल स्वस्त ठेवण्यात आले. हेतू स्तुत्यच होता. कारण डिझेल महागले की भाजीपाल्यापासून धान्यापर्यंत सर्वांचेच दर चढतात. मात्र २०१० साली पेट्रोलचे दर खुले झाले आणि डिझेलचे २०१४ पर्यंत बांधलेलेच राहिले. दोहोंतील अंतर वाढले, तशी डिझेलवर चालणाऱ्या खासगी मोटारींची विक्री फोफावली. गरिबाच्या नावाने दिलेली सवलत धनिकाच्या गाडीत जाऊन बसली. त्या धुरातील सूक्ष्म कण मात्र पायी चालणाऱ्याच्याही छातीत गेले. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढले, दरांतील अंतर घटले आणि डिझेल मोटारींचा ओढाही ओसरला.

आता विजेच्या मोटारी आल्या आहेत. त्या रस्त्यावर धूर सोडीत नाहीत. पण पेट्रोलवरील करही देत नाहीत. रस्ता मात्र त्यांनाही लागतोच. जयकर समितीपुढचा प्रश्न अशा रीतीने पुन्हा दारी आला आहे. फरक इतकाच, की तेव्हा हिशेब केवळ रस्त्याचा होता. आता त्यात हवेचाही रकाना मांडावा लागेल.