मानमोडी: नवापूर २००६, आणि ‘एकही माणूस पॉझिटिव्ह नाही’ हे वाक्य कसं वाचायचं

गेल्या दिवाळीत सुरगाण्याला घरी गेले, तर खुराडं अर्धं रिकामं होतं. आठवड्याभरात सहा कोंबड्या गेल्या होत्या. आजीला विचारलं तर ती सहज म्हणाली, “मानमोडी आली.” कोंबडीची मान वाकडी होते, ती गोल गोल फिरते, हिरवट हगते आणि मरते. आमच्याकडे निदान तिथेच संपतं.

हा शब्द मला पीएच.डी.ला आल्यावर दुसऱ्यांदा भेटला आणि तेव्हा मी चकित झाले. पशुवैद्यकाच्या पुस्तकात मानमोडी म्हणजे राणीखेत, कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग. पण १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही आपल्याकडे लोक मानमोडीच म्हणत होते. त्या साथीत भारतात किमान सव्वा कोटी माणसं गेली असावीत असे अंदाज आहेत. त्या विषाणूचा पूर्ण जनुकीय आराखडा २००५ साली हाती आला. अलास्कातल्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका बाईच्या फुप्फुसाचा तुकडा त्यासाठी कामी आला. आराखडा वाचल्यावर अनेक संशोधकांचं मत पडलं की या विषाणूची मुळं पक्ष्यांमधल्या फ्लूकडे जातात. म्हणजे कोंबडीची आणि माणसाची मानमोडी हे दोन वेगळे रोग, पण माणसाच्या मानमोडीतही कुठेतरी पक्षी आहेच. (शब्द जुळला हा योगायोग. त्यावर थिअरी बांधू नका. मी पहिल्या वर्षी बांधली होती, गाइडनी एका मिनिटात पाडली.)

आता नवापूरकडे येऊ. नकाशा उघडा. सुरगाण्यापासून उत्तरेला सरळ रेषेत साधारण ७० किलोमीटर, मधे गुजरातचा डांग, आणि पलीकडे नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. आमच्यासारखाच आदिवासी पट्टा. फरक इतकाच की आमच्याकडे घरटी दहा-बारा गावठी कोंबड्या, आणि नवापुरात अंड्यांच्या मोठमोठ्या पोल्ट्र्या, शेडमागे शेड.

२००६ च्या जानेवारीअखेरीस तिथे कोंबड्या मरू लागल्या. मालकांना वाटलं राणीखेत. त्यांना आज नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून जरा थांबून बघा. राणीखेतही झपाट्याने मारतो, एच५एन१ही मारतो. दोन्हींत श्वास लागतो, दोन्हींत मान वाकडी होऊ शकते. शिवाय तुम्ही मायक्रोबायॉलॉजीवाले असाल तर हे माहीत असेल: दोन्ही विषाणू कोंबडीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतात. साधी हिमॅग्लुटिनेशन टेस्ट लावली तर दोन्हीकडे उत्तर ‘हो’ येतं. कोणता विषाणू हे ठरवायला त्या त्या विषाणूविरुद्धचं सीरम लागतं, किंवा पीसीआर. आणि भारतात तोपर्यंत हा रोग कधी नोंदलाच गेला नव्हता. जो रोग देशात नाही असं सगळे मानतात, त्याची तपासणी कोण पहिल्या दिवशी मागेल?

नमुने शेवटी भोपाळला गेले, तिथल्या अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेत. १८ फेब्रुवारी २००६ ला घोषणा झाली: एच५एन१. भारतातला पहिला. दुसऱ्या दिवसापासून पांढऱ्या पोशाखातली पथकं शेडमध्ये शिरली. ३ किलोमीटरच्या आतले पक्षी मारायचे, खड्ड्यात पुरायचे, अंडी आणि खाद्यही नष्ट करायचं. सीमेपलीकडे गुजरातमधल्या उच्छलमध्ये, मग जळगाव जिल्ह्यात, मग मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या बाजूला तेच. तिन्ही राज्यं मिळून दहा लाखांच्या आसपास पक्षी मारले गेले. चिकनचे भाव देशभर कोसळले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. टीव्हीवर पुढारी तंगडी खाऊन दाखवत होते एवढंच मला आठवतं.

विषाणू कुठला? त्याची वंशावळ क्लेड २.२ मध्ये बसली. २००५ च्या मे महिन्यात चीनमधल्या चिंघाय सरोवरावर हजारो रानपक्षी मेले होते, तिथून पुढे युरोप-आफ्रिकेपर्यंत पसरलेली ही शाखा. नवापुरात नेमका आणला कोणी, स्थलांतरित पक्ष्यांनी की कोंबड्यांच्या व्यापाराने, यावर तुम्ही तासभर वाद घालू शकता. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग.

माणसांचं काय झालं? हाँगकाँगमध्ये १९९७ साली हाच एच५एन१ १८ जणांना झाला आणि त्यातले ६ गेले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून नवापुरात घरोघर तापाचे रुग्ण शोधले, काहींना दवाखान्यात वेगळं ठेवलं, ऑसेल्टामिव्हिर दिलं, नमुने पुणे-दिल्लीला पाठवले. एकही एच५एन१ निघाला नाही. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत आणि बातम्यांत एक वाक्य फिरतं आहे: २००६ च्या उद्रेकात माणसांना लागण झाली नाही.

या वाक्याला भक्कम जैविक आधार आहे, तो आधी सांगते. फ्लूचा विषाणू पेशीवरच्या सियालिक आम्लाला चिकटतो. पक्ष्यांच्या विषाणूला अल्फा २,३ जोडणी आवडते, माणसाच्या फ्लूला अल्फा २,६. आपल्या नाका-घशात मुख्यतः दुसरी असते. पहिली असते ती खोल, फुप्फुसाच्या टोकाशी. हे दाखवणारे दोन पेपर, एक ‘नेचर’मध्ये आणि एक ‘सायन्स’मध्ये, २००६ च्या मार्चमध्येच आले. इकडे महाराष्ट्रात खड्डे बुजवणं चालू होतं तेव्हाच. त्यातून दोन गोष्टी एकदम कळतात. विषाणू सहज शिरत नाही, शिरलाच तर खोल जातो आणि जबर न्यूमोनिया करतो, आणि तितक्या खोलातून खोकल्यावाटे दुसऱ्याकडे जाणं त्याला जड जातं. म्हणून आजारी कोंबडी कापणारा, पिसं काढणारा, शेड साफ करणारा यांना खरा धोका. नीट शिजवलेलं चिकन खाणाऱ्याला नाही.

पण आता संशोधक म्हणून ते वाक्य पुन्हा वाचा. ‘लागण झाली नाही’ आणि ‘तपासलेल्यांत सापडली नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. घशाच्या नमुन्यात विषाणू काही दिवसच मिळतो. ज्याला सौम्य ताप येऊन गेला, किंवा आलाच नाही, तो या जाळ्यात येत नाही. त्याच्यासाठी रक्तातली प्रतिपिंडं बघावी लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, २०१० मध्ये पुणे भागातल्या ३३८ पोल्ट्री कामगारांचं रक्त असं तपासलं. एच९एन२ या दुसऱ्या बर्ड फ्लूची प्रतिपिंडं शंभरात चार-पाच जणांत निघाली. आकडा लहान आहे, पण शून्य नाही. या लोकांना पक्ष्यांचा फ्लू शिवून गेला होता आणि कुणाला कळलं नव्हतं.

एच९एन२ लक्षात ठेवा, कारण तो कोंबड्यांना फारसा मारत नाही. अंडी कमी होतात, थोडी सर्दी होते. कोंबड्या मेल्या नाहीत तर भोपाळला नमुना जात नाही, पथक येत नाही, बातमी होत नाही. नवापुरात आपल्याला कळलं ते कोंबड्यांच्या मढ्यांवरून. जिथे मढी पडत नाहीत तिथे काय कळणार?

कळलं ते मेळघाटात, २०१९ च्या सुरुवातीला, आणि तेही भलतंच काही शोधताना. अमरावती जिल्ह्यातल्या ९३ आदिवासी गावांत दोन वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू आणि आरएसव्ही नावाचा विषाणू यांचा अभ्यास चालू होता. त्यात कोरकू समाजातल्या १७ महिन्यांच्या एका मुलाचा नमुना आला. ताप, खोकला, धाप. एनआयव्हीत तपासला तर एच९एन२. भारतातला प्रयोगशाळेत सिद्ध झालेला पहिला मानवी रुग्ण. मूल बरं झालं. घरच्यांना पक्ष्यांशी आलेला विशेष संपर्क आठवत नव्हता.

मी हा पेपर तीनदा वाचला. विषाणूसाठी नाही, त्या ९३ गावांसाठी. तिथे कोणीतरी आजारी मुलांच्या नाकातले नमुने नियमाने घेत होतं, म्हणून सापडला. मेळघाटात बर्ड फ्लू जास्त आहे असं यातून ठरत नाही. तिथे बघणारं माणूस होतं, इतकंच ठरतं. २०२१ मध्ये हरियाणातल्या एका मुलाचा दिल्लीत मृत्यू झाला, भारतातला एच५एन१चा पहिला मानवी मृत्यू. तिथेही संशय आधी बर्ड फ्लूचा नव्हता.

मृत्युदराचंही असंच आहे. जगात २००३ पासून एच५एन१चे नऊशेहून जास्त मानवी रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले जवळपास निम्मे गेले. मुलाखतीत हा आकडा सांगाल तर लगेच विचारतील: छेद काय आहे? तो आहे दवाखान्यात पोचून तपासणी झालेल्यांचा. सौम्य रुग्ण त्यात नाहीत, म्हणून खरा दर कमी असू शकतो. आणि दवाखान्यापर्यंत न पोचता, न तपासता गेलेलेही त्यात नाहीत. चूक दोन्ही बाजूंनी होते. ‘पन्नास टक्के’ हे मात्र धोक्याचं मोजमाप म्हणून लिहू नका. धोका बदलतोही. २०२४ च्या शेवटी नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ने मेले. अमेरिकेत तो गायींत शिरला. सस्तन प्राण्यात शिरलेला प्रत्येक विषाणू सस्तन प्राण्यात वाढायचा सराव करतो, पीबी२ जनुकातला ६२७ वा बदल हा त्याचा ओळखीचा नमुना.

परत आजीच्या सहा कोंबड्यांकडे. चार ओहोळात टाकल्या. दोन मान टाकायच्या आत कापल्या आणि त्यांचं कालवण झालं. पिसं आजीनेच काढली, हाताने, चुलीपाशी, शेजारी माझा चार वर्षांचा भाचा. मी म्हटलं, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं होतं. काका हसले. “कळवलं आणि तो रोग निघाला, तर राहिलेल्या चांगल्या कोंबड्याही नेतील. भरपाई येईल तेव्हा येईल. लग्नाला, देवाला कोंबडा कुठून आणू?” मला उत्तर देता आलं नाही. २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये चाळीस लाखांवर पक्षी मारले गेले, त्यातले कितीतरी अशाच परसातले. तेव्हा लोकांनी कोंबड्या लपवल्या त्यामागे हाच हिशोब होता. आपण पेपरात ‘अंडर-रिपोर्टिंग’ असा एक शब्द लिहून मोकळे होतो.

बहुधा ती राणीखेतच होती. लस टोचलेली नव्हती, आणि आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास ती येतेच. पण हे ‘बहुधा’ नवापुरातही होतं.

निघताना आजीला म्हटलं, पुन्हा मेली तर पिसं काढू नको, ओहोळात टाकू नको, नाका-तोंडाला पदर बांध, हाताला प्लॅस्टिकची पिशवी घाल, कोंबडी दुसऱ्या पिशवीत बांधून ठेव आणि मला फोन कर, डॉक्टरांना मी कळवते. ती म्हणाली, “आणि बाकीच्या?” बाकीच्या तीन होत्या. त्यांना राणीखेतची लस द्यायला मी काकांना पैसे देऊन आले.