पारपत्रावरील शिक्का आणि शिरूर-दौंडचा शेतकरी-पर्यटक : एक टिपण

व्हिसा परका देश देतो. देशाबाहेर पडण्याची मुभा मात्र स्वदेशाच्या पारपत्रावर अवलंबून असते. या दुसऱ्या बाजूचा इतिहास काहीसा उपेक्षित आहे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या, तेव्हा अडसर व्हिसाचा नसून समाजाचा होता. पारपत्राची सक्ती पहिल्या महायुद्धाच्या काळात रूढ झाली. स्वातंत्र्यानंतरही ते देणे शासनाच्या मर्जीवर होते. १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि त्याच वर्षी पारपत्र अधिनियम आला.

१९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाने मात्र नवा भेद निर्माण केला. आखातात जाणाऱ्या कामगारांची फसवणूक टाळण्याचा त्याचा हेतू रास्तच होता. तथापि भीमा-घोड खोऱ्यातील, दहावी न झालेल्या एखाद्या ऊस बागायतदारास केवळ दुबई पाहावयाची असली, तरी पारपत्रावरील उत्प्रवास-तपासणीचा शिक्का आडवा येई. आयकरदात्यांस सूट होती. पण शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त! म्हणजे एका कायद्याची सवलत दुसऱ्या कायद्यात त्याची अडचण ठरली. ऑक्टोबर २००७ पासून अशा पर्यटकास वैध पारपत्र, व्हिसा व परतीचे तिकीट पुरेसे ठरू लागले.