दोनशे यार्डांचा पाझर

मुंबई इलाख्याचा 1879 चा पाटबंधारे कायदा एकूण रुक्षच आहे, पण त्यातल्या एका कलमापाशी थांबावे लागते. कालव्यापासून 200 यार्डांच्या आतल्या शेताला कालव्याच्या पाझराचा फायदा मिळत असेल, किंवा कालव्याला पाणी सुटल्यानंतर त्या पट्ट्यात खणलेल्या विहिरीत कालव्याचे पाणी झिरपत असेल, तर अशा शेतकऱ्यावरही पाणीपट्टी बसवता येईल, असे ते कलम सांगते. कालवे गळतात हे सरकारला ठाऊक होते, हे यावरून स्पष्ट आहे. ती गळती कुठवर पोचते याचा अंदाजही बांधलेला होता. फक्त ती जमेच्या बाजूला मांडली होती. त्याआधी सहा वर्षे, 1873 मध्ये, उत्तर हिंदुस्थानसाठी झालेल्या कालवा कायद्यात तर हवामान किंवा जमीन बिघडल्याबद्दल भरपाई मिळणार नाही, असे लिहूनच ठेवले होते. पाणी मुरल्याने जमीन सुधारली तर सरकारचे देणे, बिघडली तर ज्याची त्याने सोसायची. कायदे लिहिणाऱ्यांचा हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवून नीरा डाव्या कालव्याचे पुढचे कागद वाचले, की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

हा कालवा दुष्काळातून जन्मला. 1876-77 च्या दुष्काळात बारामती-इंदापूरची माणसे खडी फोडायला लागली तेव्हा कामाला वेग आला. 1885 मध्ये पाणी सुटले. योगायोग असा, की जेम्स कॅम्बेल यांनी संपादलेल्या गॅझेटियरचे पुण्यावरचे भाग त्याच वर्षी छापून निघाले. त्यांत दिसते ती कालव्यापूर्वीची शेती : ज्वारी-बाजरीचा जिरायत मुलूख आणि विहिरींवरची तुटपुंजी बागायत. भोरच्या डोंगरात वेळवंडी नदीवर भाटघरला पाणी साठवायचे, नीरेतून वीरच्या बंधाऱ्यापर्यंत आणायचे आणि तिथून डाव्या अंगाने कोरड्या पट्ट्यात न्यायचे, अशी योजना होती. घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो तेव्हा बारामतीला वर्षाकाठी जेमतेम 500 मिलिमीटर पडतो. पाऊस दगा देईल त्या वर्षी ज्वारीला पाणी मिळावे आणि गुरे-माणसे जगावीत, हा मूळ हेतू.

हा हेतू पहिल्या काही वर्षांतच मोडला, आणि तो कोणाच्या लबाडीने मोडला असे मला वाटत नाही. पाऊस बरा झाला की खोल काळीतला शेतकरी ज्वारीला कालव्याचे पाणी घेत नसे. काळी आधीच ओल धरून असते. वरून पाणी दिले तर पीक पिवळे पडते आणि पट्टीही भरावी लागते. खात्याला मात्र दरवर्षी उत्पन्न दाखवायचे होते. बारा महिने पाणी मागणारे आणि वेळेवर पैसे देणारे पीक एकच होते, ऊस. तो लावायला माणसेही मिळाली. सासवडकडचे माळी पिढ्यान्‌पिढ्या विहिरीवर मोट चालवून ऊस पिकवणारे. कालव्याची बातमी लागताच त्यांनी नीरेच्या काठी खंडाने जमिनी घेतल्या. स्थानिक शेतकऱ्याला पडीक रानाचा खंड मिळू लागला, माळ्याला हवे तेवढे पाणी मिळाले आणि पुण्याच्या बाजारात गुळाच्या ढेपांची आवक वाढली. याच सासवड माळी समाजातल्या लोकांनी 1930 च्या दशकात माळीनगरला साखर कारखाना काढला.

मोटेचा ऊस आणि पाटाचा ऊस यांत एक मोठा फरक होता. मोटेवर किती ऊस लावायचा हे बैल ठरवत. शिवाय पाणी जमिनीखालूनच उपसले जाई, त्यामुळे खालची पातळी चढण्याचा प्रश्न नव्हता. पाट आला आणि ही दोन्ही बंधने सुटली. पाणी आपल्या उताराने शेतात येऊ लागले, फुकट नसले तरी मोटेपेक्षा स्वस्त. मग विहीर उपसणार कोण? जमिनीत ओतणे वाढले आणि जमिनीतून काढणे थांबले.

विसाव्या शतकाच्या आरंभी सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली हिंदी पाटबंधारे आयोग (1901-03) देशभर फिरला, तेव्हा दख्खनचे कालवे तोट्यात का, हा त्याच्यापुढचा एक प्रश्न होता. पुण्याला कार्यकारी अभियंता असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तेव्हा उत्तर मांडले ते ब्लॉक पद्धतीचे. त्यांच्या 1951 च्या आत्मचरित्रात त्याची हकीकत आहे. तोवर शेतकरी दर हंगामाला अर्ज करी आणि मंजुरी मिळेल तिथे ऊस लावी. त्यामुळे ऊस कालव्याच्या सगळ्या लांबीवर विखुरलेला असे. चार एकर उसासाठी मैलभर चारी वाहती ठेवायची आणि वाटेत निम्मे मुरू द्यायचे, असा कारभार होता. विश्वेश्वरय्यांनी सुचवले, की चांगल्या निचऱ्याची जमीन निवडून तिचे ब्लॉक पाडावेत, त्यांना काही वर्षांची हमी द्यावी आणि ब्लॉकच्या फक्त एक-तृतीयांशात ऊस ठेवावा. बाकीच्यात कमी पाण्याची पिके, आणि ऊस पाळीपाळीने जागा बदलत राहील. सुरुवातीला शेतकऱ्यांनी विरोध केला, पुढे पद्धत नीरेवर रुजली. या योजनेचे कौतुक पाणीवाटपासाठी होते आणि ते रास्तच आहे. पण मला त्यातली दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. पाणी किती द्यायचे हे ठरवण्याआधी जमीन कोणती आणि तिच्यावर काय लावायचे हे ठरवा, असे एका इंजिनिअरने सांगितले होते.

तोवर उशीर झाला होता. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे होत असताना, 1910 मध्ये, मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने एक पत्रिका काढली. लेखक होते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे. विषय शीर्षकातच होता : नीरा खोऱ्यातील खारवट जमिनी. कालव्याचे दुखणे पहिल्यांदा सविस्तर लिहिले ते इंजिनिअरने नव्हे, रसायनशास्त्रज्ञाने, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पाटबंधारे खात्याच्या तक्त्यात भिजलेले एकर आणि वसूल झालेले रुपये मोजले जात. खारावलेले एकर मोजायला माती तपासणारा माणूस लागला.

ही जमीन बिघडते कशी, ते समजून घेतले पाहिजे. नीरेकाठी वर काळी आणि खाली मुरूम. कालव्यातून, चाऱ्यांतून आणि उसाच्या सऱ्यांतून मुरलेले पाणी मुरमात उतरते आणि मुरमातून ओढ्याच्या दिशेने सरकते. उतार संपतो तिथे काळीचा थर जाड असतो आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. मग ते वर चढते. पाणी जमिनीच्या तोंडाशी आले की उन्हाने उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात ढेकळांवर पांढरी भुकटी धरते. काही ठिकाणी माती चोपण होते, पावसात लोण्यासारखी चिकट आणि वाळली की नांगर न लागणारी. अशा रानात आधी ज्वारीची उगवण विरळ होते, मग तीही थांबते. नेमकी कोणाची जमीन गेली, हे इथे पाहावे. उसाची बागायत वरच्या अंगाला. खाराने गेलेले शेत बहुधा खालच्या अंगाला, ओढ्याजवळचे. त्या शेतकऱ्याने कदाचित उसाचे एक कांडेही लावलेले नसेल. हे शेत 200 यार्डांच्या पट्ट्यात असलेच पाहिजे, असेही नाही. फायदा मोजायला कायद्याने जी सीमा आखली, ती नुकसानाने मानली नाही.

1916 मध्ये मुंबई सरकारने पाटबंधाऱ्याच्या प्रश्नांसाठी एक विशेष विभाग उघडला. क्लॉड इंग्लिस यांनी त्यात निचऱ्यावर बरीच वर्षे काम केले. त्यातून निघालेला धडा व्यवहाराचा होता : नुसत्या काळीत चर खणून भागत नाही, तो खालच्या पाणी वाहणाऱ्या मुरमाला भिडला पाहिजे. याच विभागातून पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था वाढली. धरणांच्या प्रतिकृतींसाठी ती आज ओळखली जाते; तिच्या मुळाशी शेताला पाणी देण्याच्या पद्धतीचा साधा प्रश्न होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दरम्यान 1920 च्या दशकाच्या अखेरीस भाटघरचे नवे, मोठे धरण उभे राहिले, उजवा कालवाही झाला. पाणी वाढले आणि त्यामागोमाग ऊसही.

उसाचा हा प्रश्न पुढे कायद्यापर्यंतही पोचला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्यात उसासारख्या बारमाही पिकांवर एक कलम आहे. ठरवून दिलेल्या क्षेत्रात ठिबक किंवा तुषार संच बसवल्याशिवाय अशा पिकांना कालव्याचे पाणी द्यायचे नाही, असे ते सांगते. ठिबकाने पाझर कमी होईल, यात शंका नाही. पण एका ब्लॉकमध्ये ऊस किती असावा, ही विश्वेश्वरय्यांची अट यात नाही. त्यांनी पिकाच्या क्षेत्राला मर्यादा घातली होती, आपण फक्त नळीची सक्ती केली. वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या रानात आणखी ऊस उभा राहिला तर त्याला हे कलम अडवत नाही. माझ्या मते शंभर वर्षांनंतरची ही माघार आहे.